उजवीकडचं पांढरं

दुसरबीड, ता. सिंदखेडराजा
१४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणा,

मामाचा आशीर्वाद घे आणि हे पत्र एकटीने वाच.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं म्हणशील. अगं, आपल्या घरातला फोन म्हणजे आमच्या साउंड सर्व्हिसचाच एक भोंगा आहे. कोणाचाही फोन आला की तुझी मामी आधी स्पीकर चालू करते आणि मग हॅलो म्हणते. मेसेज तर माझ्याआधी तीच वाचते. आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाऊ द्यायची नाही. म्हणून उत्तर घरी पाठवू नकोस, सईदच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

झालं असं की दिवाळीनंतर एका मांडवावर झालर बांधत होतो आणि शिडीवरच गरगरायला लागलं. सईद खाली वायर ओढत होता, त्याने धरलं म्हणून हे पत्र लिहायला उरलो. तुला माहीतच आहे, बांबू-कापड माझं आणि माइक-लाइट त्याचं, अशी आमची भागी. पण त्या दिवशी त्याने बांबूलाही हात लावू दिला नाही, सरळ गाडीत घालून बुलढाण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याचा एमआरआय करून आणा. मामीला सांगितलं की हॅलोजन आणायला चाललो.

सेंटरवाल्यांनी फिल्म हातात दिली. म्हणाले, रिपोर्ट उद्या घेऊन जा आणि फिल्मसोबत डॉक्टरांना दाखवा. मला कुठला धीर. बाहेर येऊन उन्हात धरली फिल्म. प्रेरणा, उजवी बाजू अर्धीअधिक पांढरी आहे. डावीकडे सगळं कसं करडं, शांत, आणि उजवीकडे चुना फासल्यासारखं.

आयुष्यात याआधी एकच फिल्म पाहिली होती, तुझ्या आईची. वंदीच्या फिल्मवरही असंच पांढरं होतं आणि डॉक्टरांनी त्या पांढऱ्यावरच बोट ठेवलं होतं. मग ऑपरेशन झालं आणि पुढचं तुला सांगायला नको. तू तेव्हा अकरावीत होतीस.

त्यामुळे मी रिपोर्ट आणला नाही आणि डॉक्टरकडेही गेलो नाही. ते नवीन काय सांगणार? डोकं उघडून घ्यायची माझी तयारी नाही. सईदला सांगून टाकलं की या सीझनपासून मांडव तुझा, मी गल्ल्यावर बसतो. गोदामाची किल्लीही देऊन टाकली. तो कारण विचारतो, मी वय झालं म्हणतो.

तू पुण्यात हेच मशीन चालवतेस. फिल्म पडद्याच्या पाइपात गुंडाळून सोबत पाठवतो आहे. नीट बघ आणि आडपडदा न ठेवता सांग, किती दिवस आहेत. फोन करू नकोस. केलास तर मी 'इकडे सगळं ठीक' म्हणून ठेवून देईन.

तुझा मामा,
शेषराव


पुणे
१९ नोव्हेंबर

ती. मामा,

नमस्कार सोडून बाकी सगळं रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगते. तुम्ही मला 'किती दिवस' विचारता? गावात कोणी पंचांग घेऊन बसलेलं नाही का?

फिल्म मिळाली. मागून उजेड देणाऱ्या व्ह्यू बॉक्सवर ती लावण्याआधी मी खोलीला कडी घातली, कारण तुमचं पत्र आधी वाचलं होतं. मग फिल्म बघितली आणि कडी काढली. का काढली ते सांगते, पण शेवटपर्यंत वाचा, अर्ध्यावर सोडून सईदकाकांना किल्ल्या वाटत फिरू नका.

एक म्हणजे, फिल्मवर जे उजवीकडे दिसतं ती तुमची डावी बाजू असते. आम्ही पेशंटच्या समोर उभं राहिल्यासारखं चित्र बघतो.

दुसरं, पांढरं म्हणजे गाठ हे तुम्हाला कोणी शिकवलं? त्या मशीनमध्ये डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवतात ना, त्याला आमच्याकडे कॉइल म्हणतात. तुमच्या धंद्यात बोलायचं तर ते माइक आहेत, गोल रांगेत बसवलेले. डोक्यातून एक अगदी बारीक आवाज निघतो, तो ते ऐकतात. जिथला मोठा ऐकू येतो तिथे चित्र पांढरं उमटतं, जिथला बारीक तिथे काळपट. आता भजनात पखवाजाला चिकटून माइक ठेवला तर काय होतं? पखवाज दणाणतो आणि पेटी मरते. पेटीवाला बिचारा तेवढंच वाजवत असतो.

तुमच्या फिल्मवर तो पांढरेपणा नुसता मेंदूत नाही. कातडी, कातडीखालची चरबी, कानामागचं मांस, त्या बाजूचं सगळंच उजळ आहे, आणि तिथून दुसरीकडे सावकाश मावळत गेलं आहे. गाठ अशी वागत नाही. गाठीला काठ असतो.

पण मामा, मी डॉक्टर नाही. आणि त्या झगझगाटाखाली एखादी बारीक गोष्ट लपलेली असू शकते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. छापलेल्या फिल्मवर मला काही करता येत नाही. सेंटरवरून सीडी आणा, म्हणजे मूळ चित्रं मिळतील.

आणि आठवून खरं सांगा. तुमचं डोकं पिंजऱ्याच्या मधोमध होतं का? मध्ये हललात का? एखादा माइक बंद पडला असेल किंवा जवळ लोखंड असेल तरीही चित्र असं बिघडतं. सेंटरचं मी विचारून घेते, तुमचं तुम्ही सांगा.

प्रेरणा


दुसरबीड
२२ नोव्हेंबर

चि. प्रेरणास मामीचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. मी पत्र लिहायची म्हणजे संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बोलावण्याची चिठ्ठी, त्यापलीकडे नाही. अक्षर लागेल तसं वाच. फोनवर बोलता येत नाही, कारण हे आता मांडवावर जात नाहीत, बराच वेळ घरातच असतात, आणि मला स्पीकरशिवाय ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. वय झालं, पण ते कबूल कोण करणार.

तुझ्या मामांना काहीतरी झालं आहे. मला बोलले नाहीत. पण कनातीला ऊन द्यायला म्हणून मी गोदामात गेले तर घडीच्या मधोमध मोठी काळी फिल्म. मी शिकलेली नाही फार, पण वंदीताईंच्या दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होते. एका बाजूने पांढरं होतं ते मला दिसलं. होती तशी परत घडीत ठेवली. दोन दिवसांनी पाहिलं तर तिथे नव्हती. तुझ्याकडेच आली असणार, दुसरं कोण आहे आपलं त्या कामातलं.

ते माझ्यासमोर हसतात, भाकरी जास्तीची मागतात. आणि अंथरुणावर पडले की डोळे उघडे. एक दिवस धड झोप नाही त्यांना. मीही झोपल्याचं सोंग करते. सईदभाई परवा ओट्यावर आले आणि चहा न घेताच गेले. कधी नव्हे ते मला शेजारणीशी बोलायलाही नको वाटतं. कोणी ख्यालीखुशाली विचारली तर माझं तोंड मला आवरायचं नाही.

मला एवढंच सांग, वंदीताईंचं होतं तेच आहे का? असेल तसं सांग, मी उभी राहीन. फक्त मला कळलं आहे हे त्यांना सांगू नकोस. ते माझ्यासाठी एवढं हसून राहिले आहेत, तेवढं त्यांचं राहू दे.

तुझी मामी,
पुष्पा


दुसरबीड
२६ नोव्हेंबर

चि. प्रेरणा,

तुझं पत्र सईदच्या दुकानात उभ्यानेच वाचलं. पखवाज-पेटीचं सईदलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'पोरगी बरोबर बोलते, जवळच्या माइकचा आवाज दाबायचा असतो.' आता तुम्ही दोघं एका बाजूचे झालात.

तू खरं सांगायला सांगितलंस म्हणून सांगतो, पण हसायचं नाही.

मला त्या मशीनच्या पाटावर आडवं केलं तेव्हा मी मशीन चालवणाऱ्या पोराला विचारलं, 'बाबू, डोकं कोनीकडं आलं?' त्याने दाराकडे, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, 'उत्तरेले, काका. काऊन?'

आता सांग. उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय, असं माणसाला आपल्यात कधी ठेवतात? माझ्या आईला मी असंच ठेवलं होतं आणि वंदीलाही. मी म्हटलं, 'मले दुसऱ्या बाजूनं निजव.' तो म्हणाला, मशीन फिरत नाही. उठून यावं तर सईद बाहेर बसलेला, त्याला काय सांगू? म्हणून पोराने पिंजरा चढवला, कानाशी स्पंजाच्या गाद्या खोचल्या आणि तो काचेपलीकडे गेला, तसा मी खांदा वळवून डोकं डावीकडे सरकवलं. जेवढं पूर्वेकडे जाईल तेवढं. गादी निसटली, माझा कान त्या प्लास्टिकला टेकला. मग मात्र हललो नाही. ठकठक सुरू होती तोवर रामरक्षा म्हणत तसाच पडून राहिलो.

त्या पोराची काही चूक नाही. त्याला मी सांगितलंच नाही.

आता तू म्हणशील, बघा, कान माइकला टेकला म्हणून आवाज मोठा. माझ्याही डोक्यात ते आलं. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गरगरलं आणि सगळं पाण्यात. आवाज मोठा आला हे समजलं, पण त्या आवाजाखाली काही नाही हे कशावरून? तूच लिहिलंस की लपलेलं असू शकतं. वंदीच्या वेळी सगळे मला 'काही नाही, काही नाही' म्हणाले होते.

सईद सीडी घेऊन आला आहे, रिपोर्टही आणला आहे. पाकीट मी फोडलं नाही, सगळं तुझ्याकडे पाठवतो. माझं एकच आहे. ते पांढरं गेलेलं मला दाखव. ते गेलं तर मी डॉक्टरकडे जाईन. नाही गेलं तर मला कोणी काही समजावू नये.

मामीला अजून पत्ता नाही. ती बिचारी रोज गोडाचं करते आहे, तिला काय माहीत.

शेषराव


पुणे
३ डिसेंबर

ती. मामी आणि ती. मामा,

पाकिटावर मामीचं नाव आहे आणि पत्ता घरचा आहे. चुकून नाही, मुद्दाम. मामा, हे पत्र मामींनी मोठ्याने वाचायचं आणि तुम्ही ऐकायचं. तुम्ही दोघांनी मला एकमेकांपासून लपवायला सांगितलं होतं. मी दोघांचाही शब्द मोडते आहे. मामींना सगळं माहीत आहे, मामा. तुम्ही कनातीच्या घडीत लपवलेली फिल्म त्यांनी पाहून होती तशी परत ठेवली होती. आणि मामी, ते तुमच्यासाठी हसत होते, तुम्ही त्यांच्यासाठी शिरा करत होता, आणि मी इथे दोघांची पत्रं उशाखाली घेऊन झोपत होते. पुरे झालं.

आधी मुख्य ते. गाठ नाही.

आता कशावरून ते. सेंटरवाल्यांशी मी बोलले. ते लोक अधूनमधून त्या पिंजऱ्यात पाण्याची एक गोल बाटली ठेवून चित्र काढतात. तुम्ही लग्नाच्या आधी रिकाम्या मांडवात 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' करता तसंच ते. बाटलीत सगळीकडे एकच पाणी, म्हणून चित्रही सगळीकडे सारखं यायला हवं. त्यांचं तसंच आलं आहे. म्हणजे माइक एकही बंद नाही. बिघाड एकच, आमचे मामा पूर्वेला निघाले होते.

मग मूळ चित्रं घेतली. माइक जवळ-लांब असल्याने जो फरक पडतो तो सावकाश पडतो, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हळूहळू उतरत जातो. मेंदू, हाड, पाणी, गाठ यांच्या कडांवर मात्र चित्र झटकन बदलतं. कॉम्प्युटरला तेवढा सावकाश उतार ओळखायला लावायचा आणि चित्रातून तो भागून काढायचा. सईदकाका मिक्सरवर एकेका माइकची बटणं खालीवर करतात, तेच काम. बऱ्याच ठिकाणी मशीनच हे आपोआप करतं, त्या दिवशी ती सोय चालू करायची राहिली होती. भागून काढलेला उतार मी वेगळा छापला आहे. त्यात मेंदू नाही, काही नाही, नुसतं डाव्या कानापाशी उजळ आणि पुढे विरत गेलेलं. मामा, तुम्ही महिनाभर ज्याला भिऊन होता ते एवढंच.

खरी गाठ अशी भागून जात नाही, ती आपल्या काठासकट मागे राहिली असती. तरीही फक्त सुधारलेल्या चित्रावर मी विसंबले नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांसमोर आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी लावलं. त्यांनी डोक्याच्या एकेका कापाचं चित्र सावकाश पाहिलं. मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. मग ते वळून म्हणाले, 'तुझ्या मामांचं डोकं त्यांच्या वयाला शोभेल असं आहे, छान आहे.' सेंटरच्या रिपोर्टमध्येही गाठ नाही असंच लिहिलंय, शिवाय डोकं एका बाजूला असल्याने उजेड असमान आहे, अशी टीपही आहे. पण तो कागद मी आधी पाठवला असता तर तुम्ही म्हणाला असता, कागदावर काय, काहीही लिहितात. तुम्हाला पांढरं गेलेलं बघायचं होतं. बघा. दोन्ही चित्रं सोबत आहेत.

आणि आईचं. आईची फिल्म माझ्याकडे आहे, मी ती पुष्कळदा पाहिली आहे. तिला शिरेतून औषध दिलं होतं, त्याने गाठ उजळून दिसते. ते पांढरं खरं होतं, त्याला काठ होता. तुम्हाला ते औषध दिलंच नव्हतं. दोन्ही पांढऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तेव्हा मी अकरावीत होते आणि डॉक्टरांच्या बोटाखाली काय आहे ते मला कळत नव्हतं. या वेळी कळत होतं. तुमच्या डोक्याच्या दोन्ही बाजू स्क्रीनवर सारख्या झाल्या तेव्हा मी खुर्चीत बसून भरपूर रडले. बरं वाटलं म्हणून रडले, मामा. असं मला आयुष्यात पहिल्यांदा झालं.

गरगरणं मात्र खरं आहे, ते मी भागून काढू शकत नाही. बहुतेक कानाचं असावं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही शब्द दिला आहे. मामींना सोबत घेऊन जा.

तुमची,
प्रेरणा


दुसरबीड
९ डिसेंबर

चि. प्रेरणास,

तुझं पत्र आलं तेव्हा हे जेवत होते. मी पाकीट फोडलं आणि पहिल्याच ओळी मोठ्याने वाचून गेले, म्हणून मग थांबता आलं नाही. 'गाठ नाही' इथे आले आणि अक्षरंच दिसेनात. हे म्हणाले, 'वाच ना पुढं.' मी म्हटलं, तुम्ही वाचा. त्यांनाही येईना. भाकरी ताटातच गार झाली.

ताट बाजूला सारून म्हणाले, 'तुले माहीत होतं?'

'हाव.'

'मंग बोलली काऊन नाही?'

'तुमी बोलले नाही म्हणून.'

हे उठून अंगणात गेले आणि तुझी ती दोन चित्रं उन्हात धरून उभे राहिले. आधी एक, मग दुसरं, मग दोन्ही एकावर एक. नंतर सईदभाईंना हाक मारली. त्यांनी चित्र पाहिलं न पाहिलं, आधी खिशातून गोदामाची किल्ली काढून यांच्या हातात ठेवली. 'लो भाई, संभालो,' म्हणाले, 'मले बांबू मोजता येत नाहीत.' आणि एवढा दांडगा माणूस भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायला लागला. मी त्या दिवशी सगळ्यांना चहा दोनदा केला.

काल बुलढाण्याला गेलो, मी सोबत. डॉक्टर आधी रागावले, मग सगळं ऐकून हसले. यांना पाटावर बसवून एकदम मागे पाडलं, मान एका बाजूला लोंबती. हे एवढे गरगरले की त्यांनी डॉक्टरांचा कोटच धरला. तसंच धरून हळूहळू एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर फिरवलं आणि उठवून बसवलं. कानाच्या आत बारीक खडे असतात म्हणे, त्यातला एखादा जागा सोडून भटकतो, तो परत जागेवर पाठवला. खाली उतरून हे चालून पाहू लागले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झालं तर पुन्हा या, भिण्यासारखं काही नाही. हे म्हणाले, 'आता भ्यायचं कामच उरलं नाही, सायेब.'

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. एवढ्या वर्षांच्या संसारात हे कधी बसमध्ये माझ्या शेजारी बसले नव्हते, दोन सीट पुढे नाहीतर मागे. चिखली यायच्या आधीच यांची मान माझ्या खांद्यावर आली. घोरायला लागले. लोक बघत होते, बघू दिले. माझा हात बधिर झाला तरी मी हलले नाही. महिन्याभरात माणूस पहिल्यांदा झोपला होता.

सिंदखेडराजा गेलं. दुसरबीड आलं. कंडक्टर म्हणाला, 'मावशी, उठवा बाबाले, तुमचं गाव आलं.' मी म्हटलं, 'निजू द्या त्यायले. पुढच्या बीबी गावापर्यंतचं तिकीट द्या.'

मामीचे आशीर्वाद.

पुष्पा